उबुंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर कसा टाकावा, आणि कुठून टाकू नये

मी इंजिनिअर नाही. डीटीपी करतो, पानं लावतो, पत्रिका आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, आणि हल्ली ब्लेंडरमध्ये थोडं थ्रीडीही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला तेव्हा माझा सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा लॅपटॉप विंडोज ११ च्या पात्रतेत बसत नव्हता. लॅपटॉप ठणठणीत होता, म्हणून त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं पहिल्या दिवशी चाललं. अडलं ते एकाच ठिकाणी. आतलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड ब्लेंडरला दिसेना आणि एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडला की माऊस अडखळत चालायचा.

त्यानंतरच्या तीन रात्री मी ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. नीट केलं तर काम अर्ध्या तासाचं आहे. सगळा घोळ दोन गोष्टींमुळे होतो: ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) भलत्याच ठिकाणाहून आणणं, आणि रीस्टार्टनंतर दहा सेकंदांसाठी येणारी एक निळी स्क्रीन चुकवणं.

हा सगळा खटाटोप फक्त एनव्हिडियावाल्यांसाठी आहे. कार्ड एएमडीचं असेल किंवा इंटेलचं असेल, तर बहुतेकांना काहीच टाकावं लागत नाही. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आणि मेसा नावाच्या पॅकेजमध्ये आधीपासूनच असतात. सिस्टिम अपडेट ठेवा आणि हा लेख मिटवा.

१. हा ड्रायव्हर वेगळा का टाकावा लागतो

लिनक्स बसवलं की एनव्हिडियाच्या कार्डावर ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर चालू होतो. नूवो म्हणजे फ्रेंचमध्ये नवा. कंपनीने तपशील न देता, कार्ड कसं वागतं हे बाहेरून तपासून तपासून स्वयंसेवकांनी तो लिहिला. स्क्रीन दाखवण्याचं काम तो करतो. पण जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांचा वेग वाढवायचा तर कंपनीच्या सहीचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं आणि ते नूवोच्या हाती नाही. त्यामुळे कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीवर असतं, तिथेच अडकून राहतं. माझा माऊस त्यामुळे अडखळत होता. शिवाय ब्लेंडरला हवं असलेलं क्युडा, म्हणजे कार्डाकडून जड गणितं करून घेणारी एनव्हिडियाची यंत्रणा, नूवोवर चालत नाही.

२०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. राग कंपनी लिनक्सला सहकार्य करत नाही याचा होता. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्त परवान्याखाली उघडा केला, पण तो ट्यूरिंग पिढीच्या (जीटीएक्स १६, आरटीएक्स २० मालिका) आणि त्यापुढच्या कार्डांसाठीच. बाकीचा, म्हणजे चित्र काढणारा आणि क्युडा चालवणारा भाग, अजून बंदच आहे. त्यामुळे ड्रायव्हरांच्या यादीत ‘ओपन’ हा शब्द दिसला की पूर्ण ड्रायव्हर मुक्त आहे असं समजू नका. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे आणि मला त्यानेच फसवलं.

२. हाताशी काय काय हवं

- इंटरनेट. डाउनलोड काहीशे एमबीचं असतं. वायफाय चालत नसेल तर मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, उबुंटू ते लगेच ओळखतं.
- लॅपटॉप चार्जरला लावलेला, आणि डेस्कटॉप असेल तर शक्यतो यूपीएसवर. मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) तयार होत असताना लाइट गेली तर अर्धवट बसलेला ड्रायव्हर निस्तरावा लागतो.
- वायरवाला कीबोर्ड. निळ्या स्क्रीनवर ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालतो.
- तुमचा लॉगिनचा पासवर्ड, कारण सुडोने सुरू होणाऱ्या, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालणाऱ्या, कमांड तो मागतात. टाईप करताना तारेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाकत राहा.
- उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, ज्यावरून बसवलं तोच. लागणार नाही बहुधा, पण असू द्या.
- शेजारी विंडोजही असेल तर बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कारण चौथ्या टप्प्यात.

कमांडबद्दल एक खुलासा. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाका. एपीटी, एसएमआय अशी सुटी अक्षरं जोडून लिहायची आणि आडवी रेघ दिसेल तिथे ती द्यायची. टर्मिनल कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की उघडतं.

३. कार्ड नेमकं कोणतं ते ओळखा

डब्यावरच्या किंवा स्टिकरवरच्या नावावर जाऊ नका. टर्मिनलमध्ये टाका:

एलएसपीसीआय -के

भली मोठी यादी येईल. त्यात एनव्हिडिया शोधा. लॅपटॉपवाल्यांची इथे पहिली फसगत होते. ‘व्हीजीए’ असं लिहिलेल्या ओळीत फक्त इंटेल दिसतं आणि माणूस म्हणतो, दुकानदाराने फसवलं, कार्डच नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाखाली वेगळं दिसतं. थोडं खाली जाऊन बघा. त्याच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते, तिथे आत्ता नूवो असेल.

कार्डाचं नाव कळलं की ते कोणत्या पिढीतलं आहे ते बघा, कारण जुन्या पिढ्यांसाठी कंपनी नवे ड्रायव्हर काढणं थांबवते:

- आरटीएक्स ५० मालिका: ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर, आणि तोही ‘ओपन’ प्रकारचाच. दुसरा चालत नाही.
- जीटीएक्स १६ मालिका, आरटीएक्स २०, ३०, ४०: दोन्ही प्रकार चालतात. उबुंटू सुचवेल तो घ्या.
- जीटीएक्स ७५०, जीटीएक्स ९०० मालिका, जीटीएक्स १० मालिका, एमएक्स १५० आणि २५०: ५८० ही शेवटची शाखा. ‘ओपन’ प्रकार यांच्यावर चालत नाही.
- जीटी ७१० आणि जीटीएक्स ६०० व ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं: ४७० ही शेवटची शाखा. तिची देखभाल कंपनीने थांबवली आहे.
- त्याहून जुनी: नूवोवरच राहा. खरंच. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बसवण्याच्या झटापटीत हाती काही लागत नाही.

जीटी ७३० वाल्यांनी जरा थांबा. या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. १२८ बिटवाल्या डीडीआर३ कार्डात फर्मी आहे, ६४ बिटवाल्यात केपलर. केपलरला ४७० चालतो, फर्मीला नाही. मघाच्या यादीत चिपचं नाव ‘जीएफ’ने सुरू होत असेल तर फर्मी, ‘जीके’ने होत असेल तर केपलर.

४. सिक्युअर बूट चालू आहे का ते बघा

मोकयुटिल --एसबी-स्टेट

इथे दोन आडव्या रेघा आहेत. उत्तर ‘एनेबल्ड’ आलं तर सिक्युअर बूट चालू आहे. म्हणजे सही नसलेला कोणताही ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरू दिला जाणार नाही.

इथे पुष्कळ जण सांगतात, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते बंद करून टाक. फक्त लिनक्स असेल तर तसं करता येतं. पण शेजारी विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूटला हात लावताच विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतो? माझ्या एका मित्राला त्याच्या भावाच्या लॅपटॉपवर हे करून बसल्यावर दोन दिवस तोंड लपवावं लागलं. चालू असेल तर चालूच राहू द्या, सातव्या टप्प्यात त्याचा रीतसर मार्ग आहे.

५. परतीची वाट तयार ठेवा

टाइमशिफ्ट नावाचं एक साधन आहे. ते सिस्टिमची त्या क्षणाची प्रत काढून ठेवतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइली मात्र त्यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

सुडो एपीटी इन्स्टॉल टाइमशिफ्ट

मग मेन्यूतून टाइमशिफ्ट उघडा, ‘आरसिंक’ निवडा, जागा असलेली डिस्क दाखवा आणि ‘क्रिएट’ दाबा. पहिली प्रत काही जीबींची होते, वेळ लागतो. तोवर चहा टाका. हा टप्पा मी पहिल्या रात्री गाळला होता, म्हणून तिसऱ्या रात्री उबुंटू पुन्हा मुळापासून बसवावं लागलं.

त्यानंतर सिस्टिम अद्ययावत करा:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी अपग्रेड

नवा कर्नल आला असेल तर पुढे जाण्याआधी एकदा रीस्टार्ट करा. जुना कर्नल चालू असताना नव्यासाठी ड्रायव्हर बसवला की उगाच गोंधळ होतो.

६. ड्रायव्हर टाका, उबुंटूच्याच भांडारातून

विंडोजची सवय अशी की कंपनीच्या संकेतस्थळावर जायचं, फाइल उतरवायची, डबल क्लिक करायचं. लिनक्ससाठीही तिथे ‘रन’ फाइल मिळते. ती घेऊ नका. ती फाइल उबुंटूच्या पॅकेज यादीला न कळवता ड्रायव्हर थेट सिस्टिममध्ये कोंबते. आज चालेल. पंधरा दिवसांनी अपडेटमधून नवा कर्नल येईल, आणि ड्रायव्हर त्याला जोडलेला नसला तर मशीन काळ्या स्क्रीनवर उभं राहील. वर नंतर उबुंटूचाही ड्रायव्हर टाकला तर दोघांच्या फाइली एकमेकांच्या डोक्यावर बसतात. ‘रन’ फाइल आधीच टाकून झाली असेल तर पहिल्यांदा ती काढा:

सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल

आता खरा मार्ग, उबुंटूचं भांडार, म्हणजे उबुंटूने स्वतः ठेवलेला पॅकेजांचा साठा. मेन्यूत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ शोधा. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये त्याच नावाचा टॅबही आहे, दोन्ही एकच. खिडकी उघडल्यावर ती काही क्षण कोरी दिसते, बंद करू नका. मग तुमच्या कार्डाला चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते. तिच्यात तीन प्रकारचे शब्द दिसतील. ‘टेस्टेड’ म्हणजे उबुंटूने तपासलेला. ‘सर्व्हर’ म्हणजे सर्व्हरांसाठी, आपल्याला नको. ‘ओपन’ म्हणजे कर्नलमधला भाग मुक्त असलेला. ‘टेस्टेड’ असलेला निवडा, ‘अप्लाय चेंजेस’ दाबा, पासवर्ड द्या.

टर्मिनलमधून करायचं तर आधी यादी बघा:

उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस

ज्या ओळीच्या शेवटी ‘रेकमेंडेड’ आहे, तोच बसवण्यासाठी:

सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

आकडा मोठा म्हणजे ड्रायव्हर चांगला, असं नसतं. आणि पॅकेजचं नाव कुणाकडून ऐकून सरळ टाकू नका. मी ते केलं. ‘ओपन’ म्हणजे मुक्त, मुक्त म्हणजे भलं, असा हिशोब करून ‘५८०-ओपन’ पॅकेज नावानिशी बसवलं. एपीटीने, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, विनातक्रार बसवून दिलं, कारण तुमच्या कार्डाला ते चालेल का, हे एपीटी बघत नाही. ते बघण्याचं काम ‘उबुंटू-ड्रायव्हर्स’चं. रीस्टार्टनंतर उत्तर आलं, ‘नो डिव्हायसेस वेअर फाउंड’. कार्ड मेलं असं समजून मी रात्री एक वाजता लॅपटॉपच्या मागचे स्क्रू उघडायला निघालो होतो.

७. निळी स्क्रीन

हा टप्पा सावकाश वाचा. जमल्यास फोनवर उघडा ठेवा, कारण तो करताना कॉम्प्युटर तुमच्या हाती नसेल.

सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना उबुंटू तुम्हाला एक नवा पासवर्ड ठरवायला सांगू शकतं. काही वेळा सांगत नाही, कारण भांडारातल्या तयार मॉड्यूलांवर कॅनॉनिकलची, म्हणजे उबुंटू काढणाऱ्या कंपनीची, सही आधीच असते. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार झाला तर सही तुमच्या मशीनचीच असते आणि ती ओळखीची करून द्यावी लागते. हा पासवर्ड त्या ओळखीपुरता, एकदाच वापरायचा. साधी लहान इंग्रजी अक्षरं घ्या, किमान आठ. चिन्हं टाळा, कारण निळ्या स्क्रीनवरचा कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो. कागदावर लिहून ठेवा.

टर्मिनलमधून करत असाल तर हा प्रश्न एका रंगीत चौकटीत येतो. तिथे माऊस चालत नाही. ‘ओके’वर क्लिक करून करून लोक थकतात आणि शेवटी टर्मिनलच बंद करतात, म्हणजे बसवणं मध्येच तुटतं. टॅब दाबा, ‘ओके’ रंगीत होईल, मग एंटर.

आता रीस्टार्ट करा आणि जागेवरून उठू नका. उबुंटू सुरू होण्याआधी निळ्या पार्श्वभूमीवर ‘मॉक मॅनेजमेंट’ (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची सहीची की) असा मजकूर येतो आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू होते. कोणतीही एक कळ दाबा. दहा सेकंद गेले तर मशीन निमूट पुढे जातं आणि ओळख करून देणं राहून जातं. यात काहीही खराब होत नाही, पण ड्रायव्हर चालत नाही आणि का चालत नाही ते कोणी सांगत नाही.

कळ दाबल्यावर एक यादी येईल:

- पहिलंच ‘कंटिन्यू बूट’ असतं, त्यावर एंटर मारायचं नाही. बाणाने खाली येऊन ‘एन्रोल मॉक’ निवडा.
- मग ‘कंटिन्यू’.
- ‘एन्रोल द की’ विचारलं की ‘येस’. इथे ‘नो’ आधी निवडलेलं असतं, लक्ष ठेवा.
- कागदावरचा पासवर्ड. अक्षरं दिसत नाहीत.
- ‘रीबूट’.

‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ असाही पर्याय त्याच यादीत असतो. नावावरून तोच बरोबर वाटतो, पण तो आपला नाही.

स्क्रीन चुकली असेल तर पुन्हा बोलावता येते. सगळं काढून नव्याने बसवायची गरज नाही:

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की

पासवर्ड पुन्हा ठरवा, रीस्टार्ट करा, या वेळी जागेवर राहा. ही एक ओळ मला पहिल्या रात्री माहीत असती तर पुढच्या दोन रात्री झोपेत गेल्या असत्या.

८. ड्रायव्हर चालतोय का ते तपासा

एनव्हिडिया-एसएमआय

एक चौकट आली, तिच्यात कार्डाचं नाव, तापमान आणि मेमरी दिसली, की जमलं. वर उजवीकडे ‘क्युडा व्हर्जन’ म्हणून आकडा असतो. क्युडा बसलं आहे असा त्याचा अर्थ नाही. हा ड्रायव्हर क्युडाची कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देईल, एवढंच तो सांगतो. ब्लेंडरला वेगळं क्युडा टूलकिट लागत नाही.

चौकटीऐवजी ‘ड्रायव्हरशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आला, तर दहातल्या नऊ वेळा कारण सातव्या टप्प्यातलं असतं. परत जा. ‘नो डिव्हायसेस’ आलं तर तिसऱ्या टप्प्यातली पिढ्यांची यादी पुन्हा बघा.

मग ब्लेंडर उघडा. ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘सिस्टिम’. वर ‘सायकल्स रेंडर डिव्हायसेस’मध्ये क्युडाच्या टॅबखाली तुमच्या कार्डाचं नाव दिसेल, त्यावर खूण करा. आरटीएक्स असेल तर क्युडाऐवजी ऑप्टिक्स घ्या, ते जास्त वेगवान आहे.

९. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात त्यांचं काय

बहुतेक लॅपटॉपमध्ये रोजच्या कामाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि जड कामाला एनव्हिडिया, अशी वाटणी असते. सेटिंग्जमध्ये फक्त इंटेलचं नाव दिसलं म्हणून ड्रायव्हर बसला नाही असं समजू नका. आत्ता कोणती पद्धत चालू आहे ते बघायला:

प्राइम-सिलेक्ट क्वेरी

बदलायला ‘सुडो प्राइम-सिलेक्ट’ आणि पुढे तीनपैकी एक शब्द: ‘इंटेल’, ‘एनव्हिडिया’ किंवा ‘ऑन-डिमांड’. मग रीस्टार्ट. माझं मत: ‘ऑन-डिमांड’ ठेवा आणि विसरून जा. एरवी सगळं इंटेलवर चालतं, बॅटरी टिकते. एखादा प्रोग्रॅम एनव्हिडियावर हवा असेल तर त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘लाँच युजिंग डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड’ घ्या. ब्लेंडरचं रेंडरिंग तर तेही न करता कार्ड शोधून घेतं.

बॅटरी वाचवण्यासाठी ‘इंटेल’ निवडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की बऱ्याच लॅपटॉपची एचडीएमआय खाच थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेली असते. कार्ड बंद केलं की खाचही बंद. सादरीकरणाच्या दिवशी प्रोजेक्टर काही दाखवेना आणि लोक केबल बदलत बसतात.

१०. स्क्रीन काळी झाली तर

घाबरू नका, तुमच्या फाइली जागच्या जागी आहेत. या क्रमाने जा.

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पानावर लॉगिन आलं तर सिस्टिम जिवंत आहे, फक्त चित्र नाही. लॉगिन करा आणि पाचव्या टप्प्यातली प्रत परत आणा:

सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर

ते विचारेल त्याला उत्तरं देत जा. प्रत घेतली नसेल तर एनव्हिडियाचं सगळं काढा. मधली चिन्हं जशीच्या तशी, अवतरण चिन्हांसकट टाका:

सुडो एपीटी पर्ज '^एनव्हिडिया-.*' '^लिबएनव्हिडिया-.*'

काय काय निघणार त्याची यादी ‘वाय’ दाबण्याआधी वाचा. मग रीस्टार्ट, नूवोवर परत, आणि सहाव्या टप्प्यापासून पुन्हा.

लॉगिनही येत नसेल तर मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणत्या कर्नलने सुरू करायचं ते विचारणारा, मेन्यू आणा. जुन्या बायोसवाल्यांनी शिफ्ट धरून ठेवावं. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असेल, त्याने सुरू करून बघा. कर्नल अपडेटनंतर बिघडलं असेल तर एवढ्यानेच काम होतं. तरीही नाही, तर मेन्यूतल्या पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ टाका आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. काही जण तो कायमचा करून ठेवतात आणि मग ‘ड्रायव्हर टाकला तरी काहीतरी बिनसतंय’ म्हणत फिरतात.

११. उबुंटू नसेल तर

लिनक्स मिंट: मेन्यूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’. बाकी सगळं वरच्यासारखंच. टाइमशिफ्ट आधीपासून असतं.

पॉप ओएस: उतरवतानाच एनव्हिडियावाली वेगळी प्रत मिळते, ती घेतली तर ड्रायव्हर तयार येतो.

डेबियन: सोर्सेसच्या यादीत ‘नॉन-फ्री’ विभाग जोडावा लागतो, मग ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’ पॅकेज. डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाचा वेगळा विभाग आला आहे. नावं इतकी सारखी की लोक तो जोडतात आणि ड्रायव्हर का सापडत नाही म्हणून शोधत बसतात. ड्रायव्हर साध्या ‘नॉन-फ्री’मध्ये आहे.

फेडोरा: ‘आरपीएम फ्यूजन’चं भांडार जोडा आणि ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ बसवा. कमांड संपली म्हणजे काम संपलं असं इथे नसतं. मॉड्यूल मागच्या मागे तयार होत राहतं. पाच मिनिटं थांबा, मग ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ टाका (यातलं एफ मोठ्या लिपीत). आवृत्तीचा आकडा आला तरच रीस्टार्ट करा.

१२. नंतर कधीतरी

नवा कर्नल आला की ड्रायव्हर त्याच्यासोबत आपोआप जुळवला जातो. भांडारातून टाकल्याचा हा फायदा. फक्त बूटची वेगळी डिस्क असेल तर ती भरलेली नाही ना ते बघत जा, भरली की जुळवणी अर्धवट राहते. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढून जागा करतं.

ड्रायव्हर अपडेट झाल्या दिवशी अचानक ‘एनव्हिडिया-एसएमआय’ आवृत्त्या जुळत नाहीत म्हणू लागलं, तर रीस्टार्ट करा. कर्नलमध्ये जुना भाग चालू असतो आणि डिस्कवर नवा आलेला असतो, एवढंच.

फ्लॅटपॅकने (प्रोग्रॅम सिस्टिमपासून वेगळे बसवण्याची एक पद्धत) टाकलेले प्रोग्रॅम ड्रायव्हरची स्वतःची वेगळी प्रत वापरतात, आणि तिची आवृत्ती मुख्य ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. ड्रायव्हर बदलला आणि फक्त फ्लॅटपॅकवालेच प्रोग्रॅम रडू लागले, तर:

फ्लॅटपॅक अपडेट

माझ्यासारखं १० मालिकेतलं कार्ड असेल तर डिस्ट्रोची (उबुंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार) पुढची मोठी आवृत्ती घेण्याआधी तिच्या भांडारात ५८० आहे का ते बघून घ्या. रोलिंग डिस्ट्रोवर, म्हणजे जिथे मोठ्या आवृत्त्या नसतात आणि सतत नवं येत राहतं तिथे, असाल तर हे प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी बघा, कारण तिथे मुख्य पॅकेज पुढच्या शाखेवर गेलं की जुन्या कार्डवाल्यांना वेगळं पॅकेज हाताने निवडावं लागतं.